जेलमधे भावाच्या गोळ्या बंद झाल्यात, घरच्यांनी तक्रार केली तर चालते का?

धाकटी_बहीण: भाऊ सहा महिने आत आहे, केस अजून सुरूच झाली नाही. परवा मुलाखतीला आला तर पाय सुजलेले, म्हणाला शुगरच्या गोळ्या अकरा दिवस मिळाल्या नाहीत आणि बराकीत इतकी गर्दी की संडासाच्या दाराशी कुशीवर झोपायचं, उताणं झोपायला जागाच नाही. तक्रार कर म्हटलं तर हात जोडतो, म्हणे नंतर मलाच त्रास देतील. वकील फक्त जामिनाचं बघतो. आम्ही काही करू शकतो का?

कागदवाला: करू शकता. कैद्यांना कसं वागवायचं यावर युनोचे मंडेला नियम आहेत, 2015 चे. त्यातला 56 वा बघा, कैद्याला आणि वकिलाला तक्रार करणं शक्य नसेल तर घरचे किंवा प्रकरण माहीत असलेलं कुणीही करू शकतं. तक्रारीचा सूड उगवायचा नाही हे 57 मधे आहे. (कागदावर हां. भावाची भीती उगाच नाहीये.) हे नियम थेट बंधनकारक नाहीत पण अर्जात दाखला द्यायला चालतात.

जुनी_खोड: गोळ्या आणि गर्दी एकाच अर्जात घालू नका!! आमच्या काकांच्या वेळी आम्ही "फार हाल होतायत" असं दोन पानं लिहिलं, कुणी वाचलंही नाही. दुसऱ्यांदा फक्त कुठली गोळी, कोणत्या तारखेपासून बंद, कुणाकडे मागितली एवढंच लिहिलं, सोबत प्रिस्क्रिप्शनची झेरॉक्स, अधीक्षकांच्या नावे, आणि पोच घेतली तेव्हा कुठे हलले. गर्दीची लढाई लांबते, कॅलिफोर्नियात 2001 ला केस टाकली आणि कैदी कमी करायच्या आदेशावर अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने शिक्का मारला 2011 ला. तोवर भाऊ गोळ्यांशिवाय थांबू शकणारे का?

रात्रपाळी: अधीक्षकांनी दाद दिली नाही तर कोर्ट आहेच. तिहारमधल्या सुनील बत्राने दुसऱ्या एका कैद्याला झालेल्या मारहाणीबद्दल सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशांना नुसतं पत्र लिहिलं होतं, तेच याचिका म्हणून घेतलं, निकाल 1979 चा. आणि वकील टाळतोय तर लीगल एडचा मागा, कोठडीतल्या माणसाला फुकट मिळतो, त्यासाठी उत्पन्न बघत नाहीत.

धाकटी_बहीण: प्रिस्क्रिप्शन सापडलं पण अटकेच्या आधीचं आहे, चालेल?

जुनी_खोड: चालेल, आजार जुना आहे हे तरी दिसतं. पण आजच्या आज द्या, आणि सुजलेल्या पायांचं वरती पहिल्याच ओळीत लिहा.