कंस सोडवायला शिकवताना आधी नियम की आधी अर्थ?

पाटीवरची_ताई
माझ्याकडे शिकवणीला सातवीची अकरा मुलं येतात. काल फळ्यावर ३(क्ष + ५) लिहिलं आणि 'सरळरूप द्या' म्हटलं. सात वह्यांमध्ये उत्तर होतं ३क्ष + ५. एका मुलीला विचारलं, पाचाला का नाही गुणलंस? ती म्हणाली, "तीन क्षला चिकटलाय ना, पाच लांब आहे."

मग वही मिटायला लावली. तीन डबे आहेत, प्रत्येकात काही पोळ्या आणि पाच लाडू. सगळे मिळून लाडू किती? माझं वाक्य संपायच्या आत ती "पंधरा" म्हणाली. थोडा वेळ गप्प बसली, वही उघडली आणि पाच खोडून पंधरा केले. मी काहीही सांगितलं नव्हतं.

म्हणून माझं ठाम मत आहे की 'बाहेरच्याने आतल्या सगळ्यांना गुणा' हे वाक्य पहिले आठ-दहा दिवस वर्गात उच्चारूच नये. १४ × ६ तोंडी करताना चौथीतलं पोरही ६० आणि २४ मिळवतं, तोच हा वितरणाचा नियम. भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती'त १३५ × १२ हेच उदाहरण घेऊन १२ चे ८ आणि ४ असे खंड पाडून दाखवले आहेत: १०८० + ५४० = १६२०. आकड्यांतून अक्षरांकडे जायची वाट इतकी जुनी आणि सोपी असताना आपण मुलांना एकदम क्षच्या दारात का उभं करतो?

खडू_आणि_डस्टर
ताई, तुमच्याकडे अकरा मुलं आहेत, माझ्या वर्गात बावन्न. तास पस्तीस मिनिटांचा, त्यातली पाच हजेरीत जातात. मी कंसाबाहेरच्या संख्येपासून आतल्या प्रत्येक पदाकडे बाण काढायला लावतो. दोन पदं, दोन बाण. तीस उदाहरणं झाली की हात आपोआप वळतो, आणि जे मूल घरी कोणाला विचारू शकत नाही त्याला हा बाणच आधार असतो. पाढे पाठ करताना आपल्यालाही कोणी अर्थ सांगितला नव्हता, तो पुढे वापरता वापरता कळला. अर्थाची वाट बघत बसलो तर माझी मागची दोन बाकं परीक्षेपर्यंत कोरीच राहतील.

पाटीवरची_ताई
सर, मागच्या बाकांची तुमची काळजी मला कळते. पण बाणावर वाढलेलं मूल ३(क्ष × ५) दिसलं की तिथेही दोन बाण काढतं आणि ३क्ष × १५ लिहितं. क्षच्या जागी २ ठेवा. पहिलं येतं ३०, दुसरं ९०. आत बेरीज-वजाबाकी आहे की गुणाकार, हे बाणाला दिसत नाही. हीच मुलं पुढे (अ + ब) च्या वर्गाचे अ वर्ग अधिक ब वर्ग करतात.

उणे_एक
मला डब्याचं उदाहरणच धोक्याचं वाटतं. मुलाच्या डोक्यात क्ष म्हणजे पोळी असं बसतं. क्ष म्हणजे पोळ्यांची *संख्या*, हा फरक पहिल्या दिवशी निसटला की पुढे समीकरणं सोडवताना मूल अडतं. '२ आंबे अधिक ३ केळी' सांगून विजातीय पदं शिकवणाऱ्यांनी हे नुकसान आधीच करून ठेवलंय. आणि ५०० − (क्ष − ३०) आलं की काय कराल? डब्यात उणे लाडू ठेवता येत नाहीत. सर्वांत जास्त गुण या उणे चिन्हावर जातात आणि तिथे नियमच लागतो.

गल्ल्यावरून
उणे_एक, तुमचंच उदाहरण घेते. आमचं किराणा दुकान आहे, मुलगा सातवीत. बिल क्ष रुपये, त्यात तीस सूट, गिऱ्हाइकाने पाचशेची नोट दिली. परत किती? मुलाने आधी पाचशेतून पूर्ण बिल वजा केलं, मग म्हणाला, "आई, तीस जास्तीचे कापले, ते परत द्यायला हवेत." म्हणजे ५०० − क्ष + ३०. चिन्ह का बदललं हे त्याला पैसे मोजताना दिसलं. 'कंसाआधी उणे असेल तर आतली चिन्हं बदला' हे तो वर्षभर घोकत होता, तरी वहीत दर वेळी तीस वजाच असायचे.

उणे_एक
हे पटलं. इथे क्ष ही रक्कम आहे, म्हणजे संख्याच आहे, वस्तू नाही. पण −३(क्ष − ४) साठी गल्ला पुरणार नाही, या मतावर मी कायम आहे.

खडू_आणि_डस्टर
त्यासाठी ताळा आहे. क्षच्या जागी १० ठेवा. मूळ राशी −३ × ६, म्हणजे −१८. मुलाने −३क्ष − १२ लिहिलं असेल तर येतं −४२. जुळत नाही. −३क्ष + १२ लिहिलं तर −१८, जुळलं. बावन्न मुलांत हे होण्यासारखं आहे, कारण चूक शोधायला मला प्रत्येक बाकापाशी जावं लागत नाही. सोमवारी पहिली दहा मिनिटं ताईंचे डबे आणि दुकानाची सूट घेऊन बघतो. बाण मात्र सोडणार नाही.

पाटीवरची_ताई
सर, बाण राहू द्या. फक्त ३(क्ष × ५) सुद्धा त्याच दिवशी फळ्यावर लिहा आणि ताळा करायला सांगा. किती जण थांबतात ते इथे कळवाल?