सावलीसाठी ओक: बी पेरावे की रोप आणावे?

प्रश्न
घराच्या पश्चिमेला बरीच मोकळी जागा आहे आणि दुपारनंतरचे ऊन थेट भिंतीवर येते. तेथे सावलीसाठी ओक लावण्याचा विचार आहे. हिवाळ्यात ऊन घरात यावे म्हणून सदाहरित जात नको, पानझडी हवी. रोपवाटिकेत माणसाहून उंच रोपे तयार मिळतात, परंतु ओक बियांपासूनच वाढवावा असेही वाचनात आले. या दोहोंत खरोखर किती फरक पडतो? घरापासून अंतर किती ठेवावे आणि सावलीसाठी किती वर्षे थांबावे लागेल?

प्रतिसाद १
माझे मत निःसंशय बियांच्या बाजूने आहे. ओकचे बी रुजते तेव्हा पाने फुटण्यापूर्वीच सोटमूळ खोल जाऊ लागते. कुंडीत हे मूळ तळाला टेकून वळते आणि पुढे जमिनीत लावल्यावरही तो वळसा सहसा आपोआप सुटत नाही. मात्र बी ताजे हवे, कारण वाळले की ते मरते. पाण्यात टाकून पाहावे. तरंगणारे बी बहुधा पोकळ किंवा सोंड्या भुंग्याच्या अळीने पोखरलेले असते. पांढऱ्या ओकच्या गटातील बी झाडावरून पडल्यावर त्याच शरद ऋतूत मूळ धरते, म्हणून ते लगेच पेरावे. लाल ओकच्या गटातील बी पक्व होण्यास दोन हंगाम लागतात आणि रुजण्यापूर्वी त्याला दीड ते तीन महिने ओलसर थंडावा लागतो. थंडीत उघड्यावर पेरल्यास तो आपोआप मिळतो, नाहीतर ओलसर भुशात घालून फ्रिजमध्ये ठेवावे. बी आडवे, २ ते ३ सेंमी खोल पेरून वर तारेची जाळी घालावी, अन्यथा खारी आणि उंदीर ते उकरून नेतात.

प्रतिसाद २
बियांचे गुण मान्य, पण रोपाला इतके नाकारण्याचे कारण नाही. रोप लहान घ्यावे, एवढेच. उंच झाड उपटून आणले की त्याची बरीच मुळे मागेच राहतात आणि पुढील काही वर्षे ते मुळांची भरपाई करण्यात घालवते. तोवर शेजारी लावलेले छोटे रोप त्याला गाठते. लावताना गोल फिरलेली मुळे मोकळी करावीत किंवा कापून टाकावीत. खड्डा मुळांच्या गोळ्याइतकाच खोल, पण दुप्पट ते तिप्पट रुंद असावा आणि खोड जेथे मुळांकडे रुंदावते तो भाग मातीच्या वरच राहावा. ओक खोल पुरला जाणे हे तो वर्षानुवर्षे खुरटा राहण्याचे नेहमीचे कारण आहे, आणि खोडाचा रुंदावणारा भाग मातीवर दिसत नसेल तर ते ओळखता येते.

अंतर निदान ८ ते १० मीटर ठेवावे. मोकळ्या जागेतील पूर्ण वाढलेल्या मोठ्या ओकचा पर्णसंभार १५ ते २० मीटर रुंद होऊ शकतो. सोटमूळ खोल जात असले तरी मोठ्या झाडाची बहुतेक मुळे वरच्या अर्ध्या मीटरच्या थरातच दूरवर पसरतात, त्यामुळे तेथे नंतर चर खणणे किंवा भराव टाकणे झाडाच्या जिवावर बेतते. लाल ओक चांगल्या जमिनीत वर्षाला अर्धा मीटरपर्यंत वाढतो, पांढरा ओक त्याहून बराच सावकाश. बसण्याजोगी सावली १० ते १५ वर्षांत धरावी.

प्रतिसाद ३
बी की रोप यापेक्षा जात कोणती, हा प्रश्न आधी सोडवावा. ओकच्या सुमारे ४५० जाती आहेत आणि त्यांच्या गरजा फार वेगळ्या आहेत. पिन ओक देखणा व झपाट्याने वाढणारा आहे, परंतु चुनखडीच्या अल्कधर्मी जमिनीत त्याला लोह मिळत नाही. पाने पिवळी पडतात, फक्त शिरा हिरव्या राहतात आणि झाड हळूहळू खंगते. तशा जमिनीत बर ओक अधिक तग धरतो. म्हणून मातीचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कता) आधी तपासावा.

आणखी एक गोष्ट आपल्या हिशेबात धरलेली दिसत नाही. पानझडी ओकची सर्व पाने शरदात गळतीलच असे नाही. पिन ओक, आणि एकूणच ओकची कोवळी झाडे, वाळलेली तपकिरी पाने वसंतापर्यंत फांद्यांवर धरून ठेवतात. हिवाळ्यातील ऊन हवेच असेल, तर त्या जातीचे वाढलेले झाड हिवाळ्यात प्रत्यक्ष पाहून मगच निवड करावी.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. वाळलेल्या पानांचा विचार खरोखरच केला नव्हता. सामू तपासून लहान रोपच आणीन. खालच्या फांद्या कधी छाटाव्यात आणि झाडाखाली हिरवळ राखता येईल का?

प्रतिसाद २
पहिली काही वर्षे खालच्या फांद्या राहू द्याव्यात, त्यांच्यामुळे खोड जाड होते. नंतर दरवर्षी थोड्या थोड्या काढाव्यात, आणि त्याही झाड सुप्तावस्थेत असतानाच. ओक विल्ट हा बुरशीजन्य रोग जेथे आहे तेथे वसंत व उन्हाळ्यातील ताज्या जखमांकडे भुंगे येतात आणि रोग पसरवतात. हिरवळीचा हट्ट मात्र सोडावा. गवत कोवळ्या झाडाचे पाणी पळवते, शिवाय कापणीच्या यंत्राने बुंध्याची साल सोलली जाते ती वेगळीच. त्याऐवजी ५ ते १० सेंमी जाडीचे पालापाचोळ्याचे आच्छादन बुंध्यापासून वीतभर दूर ठेवून पसरावे. ओकची स्वतःची पानेही त्यासाठी चालतात.