पाद्री टॉमी डग्लस राजकारणात गेले, ते धर्मकार्य सोडून की तेच पुढे नेण्यासाठी?

मालवणचा शिक्षक

आमच्या गावच्या वाचनालयात दर महिन्याला एका समाजसुधारकावर व्याख्यान होते, आणि या खेपेस माझ्या वाट्याला कॅनडाचे टॉमी डग्लस आले आहेत. त्यांचा जन्म १९०४ साली स्कॉटलंडमध्ये झाला. पुढे कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात वेबर्न या लहानशा गावी ते बॅप्टिस्ट पाद्री झाले, १९३५ साली खासदार म्हणून निवडून आले आणि १९४४ ते १९६१ अशी सतरा वर्षे त्या प्रांताचे प्रीमियर, म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्री, राहिले. तिथल्या सरकारी आरोग्यविम्याचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते, इथवर माझे वाचन झाले आहे.

माझी अडचण पुढची आहे. आपल्याकडे एखादे कीर्तनकार किंवा महाराज निवडणुकीस उभे राहिले, की धर्माच्या नावावर मते मागायची असतील, ही शंका लोकांच्या मनात आधी येते, आणि ती अगदीच निराधार असते असेही नाही. श्रोत्यांमधून हा प्रश्न येणारच. डग्लस यांनी पाद्रीपण टाकून राजकारण धरले, की तेच काम दुसऱ्या वाटेने पुढे नेले? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

रत्नागिरीकर

गुरुजी, याचे उत्तर त्यांच्या पायापासून सुरू होते. लहानपणी त्यांच्या गुडघ्याजवळचे हाड सडू लागले होते. कुटुंब स्थलांतरित आणि गरीब, त्यामुळे विनिपेगच्या रुग्णालयात फुकट वॉर्डात ते पडून होते आणि पाय कापण्याचे जवळजवळ ठरले होते. एका अस्थिशल्यविशारदाने, विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया पाहू द्यावी एवढ्या एकाच अटीवर, पैसे न घेता उपचार केले आणि पाय वाचला. डग्लस पुढे आयुष्यभर हा प्रसंग सांगत, पण त्यात उपकाराच्या आठवणीपेक्षा एक बोच अधिक असे. आपला पाय वाचला तो योगायोगाने, तो डॉक्टर त्या दिवशी त्या वॉर्डात आला नसता तर काय झाले असते, हा विचार त्यांना सोडत नसे.

वेबर्नमध्ये ते चर्चचे काम पाहू लागले तेव्हा महामंदी आणि अवर्षण एकाच वेळी आले होते. गव्हाची शेते धुळीने भरली होती आणि गावात हाताला काम नव्हते. चर्चमधून गरजूंना कपडे आणि अन्न देण्याचे काम त्यांनी चालवले, १९३१ साली एस्तेवानच्या कोळसा खाणकामगारांचा संप झाला तेव्हा त्यांच्यासाठीही शिधा गोळा केला. त्या संपात पोलिसांच्या गोळीबारात तीन कामगार मेले. वेबर्नमध्ये, वेळेवर उपचार मिळाले असते तर जगली असती अशा तरुण माणसांचे अंत्यविधीही पाद्री म्हणून त्यांनाच करावे लागले. प्रवचनाने भूक भागत नाही हे तिथे त्यांना रोज दिसत होते. शेतकरी आणि कामगारांच्या को-ऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ फेडरेशन या नव्या पक्षाकडे ते वळले ते यामुळे. १९३४ साली प्रांतिक निवडणुकीत ते पडले, पण पुढच्याच वर्षी संसदेत गेले. तेव्हा तुम्ही विचारलेल्या दोन पर्यायांपैकी मी दुसरा निःशंकपणे निवडीन.

वसईचा वाचक

वरील उत्तराशी सहमत आहे, मात्र एक भेद श्रोत्यांना अवश्य सांगावा. बॅप्टिस्ट पंथात प्रत्येक मंडळी स्वतंत्र असते आणि आपला पाद्री ती स्वतः निवडते. कॅथलिक धर्मगुरूंचे तसे नाही. १९८३च्या धर्मसंहितेतील २८५ व्या कलमानुसार राज्यसत्ता हाती येईल असे पद त्यांना स्वीकारता येत नाही. आमच्या वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईच्या लढ्यात गावोगावची माणसे उभी केली, ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन केले, २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले, पण निवडणूक लढवली नाही. तळमळ एकाच जातीची असली तरी एका पंथात मतपेटीची वाट मोकळी होती आणि दुसऱ्यात नव्हती.

दोडामार्गची परिचारिका

मला राजकारणातले फारसे कळत नाही, परंतु रुग्णालयातला अनुभव आहे म्हणून लिहिते. आमच्याकडे रात्री रुग्ण गंभीर झाला की नातेवाईक पहिल्यांदा विचारतात, ‘बांबोळीक व्हरूचा लागतला काय?’, म्हणजे गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात न्यावे लागेल का, आणि लगेच दुसरा प्रश्न गाडीच्या भाड्याचा असतो. एकदा एका म्हाताऱ्या आजोबांनी कमरेच्या पंच्याची गाठ सोडून त्यातल्या नोटा माझ्यासमोर टेबलावर मांडल्या आणि एवढ्यात भागेल का असे विचारले. म्हणून डग्लस यांच्या कामातली मला सर्वांत मोलाची वाटते ती त्यांची सबुरी.

सत्तेवर येताच त्यांनी आरोग्यखाते स्वतःकडे घेतले. १९४६ साली स्विफ्ट करंट या भागात आरोग्यसेवेचा प्रादेशिक प्रयोग सुरू झाला, आणि १ जानेवारी १९४७ पासून संपूर्ण प्रांतात रुग्णालयाच्या खर्चाचा विमा लागू झाला. डॉक्टरांच्या फीचा प्रश्न मात्र त्यांनी तब्बल बारा वर्षे राखून ठेवला. केंद्र सरकार रुग्णालयांच्या खर्चाचा वाटा उचलू लागले आणि प्रांताच्या तिजोरीवरचा भार हलका झाला, तेव्हा १९५९ साली त्यांनी पुढची योजना जाहीर केली आणि १९६० ची निवडणूक त्याच प्रश्नावर लढवून जिंकली. १ जुलै १९६२ रोजी ती अमलात आली त्याच दिवशी प्रांतातल्या बहुसंख्य डॉक्टरांनी काम बंद केले. तो संप २३ दिवस चालला, ब्रिटनमधून डॉक्टर आणावे लागले, आणि शेवटी डॉक्टरांचे खासगी व्यवसायाचे स्वातंत्र्य राखून योजना टिकली. त्या वेळी डग्लस मुख्यमंत्री नव्हते, हेही सांगा. त्यांच्याच पक्षातून पुढे आलेल्या न्यू डेमोक्रॅटिक पार्टीचे नेते होऊन ते केंद्रीय राजकारणात गेले होते आणि संपाचा सारा ताण त्यांच्यानंतर आलेल्या वुड्रो लॉइड यांनी सोसला. लॉइड यांचे नाव व्याख्यानात राहू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

रत्नागिरीकर

ताईंनी फार महत्त्वाची गोष्ट नोंदवली. त्याच वर्षी जून महिन्यात रेजायना मतदारसंघात डग्लस स्वतः पराभूत झाले, म्हणजे योजनेची किंमत त्यांनीही मोजली. १९६६ साली कॅनडाच्या संसदेने देशभरासाठी वैद्यकीय सेवेचा कायदा केला आणि १९७२ पर्यंत सर्व प्रांत त्यात आले.

एक अप्रिय बाबही झाकू नये. १९३३ साली एम.ए.च्या प्रबंधात डग्लस यांनी ‘दुर्बल’ ठरवलेल्या माणसांच्या सक्तीच्या निर्बीजीकरणाचे समर्थन केले होते. ज्यांच्यासाठी ते झटत होते त्याच गरिबांविरुद्ध ते लेखन जाते, आणि ते वाचताना मला फार वाईट वाटले. पुढे आरोग्यमंत्री असताना तशा सूचना त्यांच्यापुढे आल्या तेव्हा त्यांनी त्या स्वीकारल्या नाहीत. श्रोत्यांसमोर या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवाव्यात.

मालवणचा शिक्षक

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. प्रबंधाचा उल्लेख टाळण्याचा मोह मला झाला होता, तो आता होणार नाही. वसईच्या वाचकांनी दाखवलेला पंथभेद मी सुरुवातीलाच मांडीन, कारण आमच्या श्रोत्यांत ख्रिस्ती कुटुंबेही असतात. पायाच्या शस्त्रक्रियेपासून आरंभ करून वेबर्नच्या अंत्यविधींवर थोडे थांबेन आणि मग १९४७ ते १९६२ या पंधरा वर्षांना अर्धा तास देईन. परिचारिका ताईंची हरकत नसल्यास त्या आजोबांच्या नोटांचा प्रसंग, गावाचे नाव न घेता, मला सांगायचा आहे.

दोडामार्गची परिचारिका

अवश्य सांगा, सर. त्या रात्री गाडीचे उरलेले भाडे वॉर्डातल्या आम्ही सगळ्यांनी मिळून भरले होते, तेही सांगितलेत तरी चालेल.