वासरांची हगवण, रोटा निघाला. अजून तीन गाई व्यायच्या आहेत, ५,००० रुपयांत काय करू?

बाणगंगाकाठ
मंडळी, नमस्कार. फलटण तालुक्यात आमच्या ८ एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन, विदेशी जातीच्या) गाई आहेत. महिन्याभरात दोन वासरं हगवणीनं गेली, दोन्ही कालवडी. एक नवव्या दिवशी, दुसरी अकराव्या. दोघींचं सारखंच झालं. सातव्या दिवशी सकाळी पिवळं, पाण्यासारखं शेण, शेपटी आणि मागचे पाय भरलेले, आणि संध्याकाळी बाटली तोंडात घेईनात. दुसरीच्या वेळी डॉक्टरांनी शेण पट्टीवर तपासलं, रोटा व्हायरस निघाला. सलाईन लावलं, पण तोवर ती आडवी पडली होती.

तिसरी आज ८ दिवसांची आहे. कालपासून पातळ टाकतेय, पण अजून दूध ओढतेय. या महिन्यात आणखी तीन गाई वितील. दुधाचे दर तुम्हाला ठाऊकच आहेत, हातात ५,००० आहेत, त्यावर एक रुपया नाही. तिसरीला कसं वाचवू आणि येणाऱ्या तिघांसाठी काय घेऊ ते सांगा. गोठा जुना आहे, दगडी फरशी, उतार कमी. वासरं गाईंच्या शेजारीच खांबाला असतात. या पावसात खालची ओल हटत नाही.

कृष्णाकाठचा_दूधवाला
दादा, मी गेल्या वर्षी वासरांसाठी फायबरच्या स्वतंत्र कोठ्या घेतल्या. एक १४,५०० ला पडली, सहा घेतल्या. तेव्हापासून एक वासरू गेलेलं नाही. खाली रबर मॅट, वर पंखा. पाच हजारांत काही होत नाही, खरं सांगतो. सोसायटीतून कर्ज काढा, पण कोठ्या घ्या. बघायला या, कराडपासून जवळच आहे गाव.

देवणी_आणि_मी
एचएफ पाळायची आणि मग रडायचं. आमच्याकडं तीन पिढ्या देवणी जातीची देशी गाय आहे, उदगीर भागात. वासराला हगवण लागली तरी दोन दिवसांत उड्या मारतं. औषध माहीत नाही आम्हाला.

रानमळा
दोन वर्षांपूर्वी माझीही चार गेली होती. मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या गोळ्या आणतो, अर्धी सकाळी, अर्धी संध्याकाळी. आणि दूध दोन दिवस पूर्ण बंद ठेवायचं. आतड्याला आराम मिळतो. शंभर रुपयांत काम होतं, कोठ्याबिठ्या कशाला?

गोठ्यातली_ताई
रानमळा भाऊ, दूध बंद करू नका हो. मी पहिल्या वर्षी तेच केलं होतं. हगवण थांबली आणि वासरू तिसऱ्या दिवशी गेलं. हात लावला तर बरगड्या मोजता येत होत्या. उपाशी मेलं ते, हगवणीनं नाही. अजून आठवलं की पोटात तुटतं.

देवणीवाले दादा, तुमची वासरं तगतात त्याला जातीइतकंच दुसरंही कारण आहे. तुमचं वासरू व्याल्यापासून आईच्या कासेला असतं, चीक पोटभर पितं. आम्ही पहिल्या दिवसापासून तोडतो आणि बाटलीवर घेतो. तिथं फरक पडतो.

देवणी_आणि_मी
ताई, जातीचं जातीलाच. चीक सगळ्याच गाईंना येतो.

निवृत्त_पशुवैद्य
मी ३१ वर्षं पशुधन विकास अधिकारी म्हणून काम केलं. आधी तिसऱ्या कालवडीचं बघू, कोठ्या आणि जाती नंतर.

रोटा आतड्याच्या आतल्या बारीक केसांसारख्या टोकांवर बसतो. ती टोकं झडली की दुधातली साखर पचत नाही, ती आतड्यात पाणी ओढून घेते आणि ते पाणी बाहेर पडतं. टोकं पुन्हा येतात, आठवडाभर धीर धरावा लागतो. वासरू मरतं ते पाणी आणि क्षार गेल्यामुळं. म्हणून औषधाच्या आधी पाणी.

आता गोठ्यात जा आणि मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. लगेच सपाट झाली तर बरं आहे. दोन सेकंद उभी राहिली, डोळे खोल गेलेले दिसले, तर वजनाच्या ८ टक्क्यांच्या आसपास पाणी गेलंय असं धरा. ३५ किलोच्या कालवडीला ते २.८ लिटर होतं. तोंडात बोट घाला. तोंड गार असेल, बोट ओढत नसेल, उभी राहत नसेल, तर तोंडानं पाजत बसू नका. शिरेतून सलाईन लागेल. डॉक्टर मिळत नसतील तर १९६२ वर फोन करा, फिरतं पथक येतं.

ओढत असेल तर १ लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात ग्लुकोज २० ग्रॅम, मीठ ३.५ ग्रॅम, खायचा सोडा २.५ ग्रॅम आणि पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम घाला. शेवटचं मेडिकलमधून मोजून आणा, अंदाजानं टाकू नका. असं दोन लिटर पाणी दिवसातून दोन-तीनदा. दूध चालूच ठेवा, थोडं थोडं, जास्त वेळा. दूध आणि हे पाणी यांच्यात दोन तासांचं अंतर ठेवा, सोड्यामुळं दूध पोटात नीट फाटत नाही.

अँटिबायोटिक व्हायरसला लागू पडत नाही. ताप, रक्त किंवा वासरू फारच मलूल असेल तर ते द्यायचं की नाही हे बघणाऱ्या डॉक्टरांनी ठरवायचं. दिवसांवरूनही अंदाज येतो. पहिल्या चार दिवसांतली हगवण बहुधा ई. कोलाय जिवाणूची. ५ ते १४ दिवसांत रोटा, गुरांचा कोरोना (माणसांचा नव्हे) तीन आठवड्यांपर्यंत. त्याच वयात क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा सूक्ष्म परजीवीही असतो, तो माणसालाही लागतो, म्हणून हात साबणानं धुवा आणि पोरांना वासराजवळ जाऊ देऊ नका. तीन आठवड्यांनंतर रक्त पडलं तर कॉक्सिडिया, तोही परजीवीच.

एक विचारतो, खरं सांगा. व्याल्यापासून किती तासांनी चीक पाजला होता?

सासुरवाडी_सोलापूर
डॉक्टर, ग्लुकोजऐवजी घरातली साखर चालेल का? आम्ही साखर-मिठाचं पाणीच देतो, पोरांना देतो तसं. सोपं आणि स्वस्त.

निवृत्त_पशुवैद्य
ताई, वासराला साखर नको. साखर पचवायला लागणारं विकर लहान वासराच्या आतड्यात नसतं. न पचलेली साखर उलट पाणी ओढते, हगवण वाढते. माणसाच्या पोराचं आतडं वेगळं. ग्लुकोजच द्या.

रानमळा
आमच्या आजोबांपासून गूळपाणी देत आलोय. डाळिंबाच्या सालीचा काढाही देतो. कधी काही झालं नाही.

बाणगंगाकाठ
सगळ्यांचे आभार. चिमटा घेतला, कातडी दीड-दोन सेकंद राहिली. तोंड कोमट आहे. ग्लुकोजचं पाणी दीड लिटर प्यायली.

डॉक्टरसाहेब, चिकाचं खरं सांगतो. आमच्या वडिलांचा नियम आहे, व्याल्यावर गर्भाशयातून पडणारी वार पडल्याशिवाय चीक काढायचा नाही, नाहीतर वार अडकते. दोन्ही वेळेला वार पडायला पाच-सहा तास लागले. नंतर वासराला लिटरभर दिला. बाकीचा खरवसासाठी ठेवतो, बहिणीकडं आणि शेजारी वाटतो.

निवृत्त_पशुवैद्य
दादा, तिथंच घोटाळा झाला. गाईच्या पोटात असताना वारेतून वासराला रोगाशी लढायची ताकद मिळत नाही. सगळी चिकातून येते. आणि वासराचं आतडं ती आत घेतं फक्त पहिल्या काही तासांत. सहा तासांनी निम्मं दार लागलेलं असतं, २४ तासांनी बंद. पहिल्या दोन तासांत पाजा, वजनाच्या १० टक्के. ३५ किलोच्या वासराला साडेतीन लिटर, एकदम गेला नाही तर दोन वेळा करून.

वडिलांना सांगा, धार काढली की शरीरात जे संप्रेरक सुटतं त्यानं गर्भाशय आवळतो, वार पडायला मदतच होते. आजवर हजारो गाई बघितल्या, चीक पाजल्यामुळं वार अडकलेली एक नाही बघितली.

गोठ्यातली_ताई
मी सांगते ते लक्षात ठेवा, एवढं कुणी सांगत नाही. पहिल्या दिवशीचा चीक रक्तात जातो, पण रोटा असतो आतड्यात. म्हणून पुढचे १४ दिवस रोजच्या दुधात थोडा चीक मिसळायचा, मी अर्धा लिटर घालते. तो आतड्यातच व्हायरसला अडवतो. दुसऱ्या-तिसऱ्या धारेचा चीक मी पाण्याच्या बाटल्यांत भरून फ्रीझरला ठेवते, तारीख लिहून. वर्षभर टिकतो. काढताना कोमट पाण्यात बाटली ठेवायची, उकळत्या पाण्यात नाही, नाहीतर त्याचा खरवस होतो आणि ताकद जाते. जुना डीप फ्रीझर घ्या, संगमनेरला मला ४,००० ला मिळाला.

कृष्णाकाठचा_दूधवाला
बरोबर. आधी चीक पाजा. माझ्याकडं चिकाची प्रत मोजायचं यंत्रही आहे, रिफ्रॅक्टोमीटर. काचेवर थेंब टाकायचा, २२ च्या वर आला की चांगला. १,४०० ला घेतला. कोठ्या तर घ्याच.

गावाकडचा_पुणेकर
माझ्या मुलीला दीड महिन्याची असताना रोटाचे थेंब दिले, सरकारी दवाखान्यात फुकट. वासरांना तेच का देत नाही? पुण्यात सिरमची लस बनते, तिच्यात गाईचाच विषाणू वापरलाय असं वाचलं होतं.

निवृत्त_पशुवैद्य
वाचलंत ते बरोबर. रोटासिल लशीत गाईच्या रोटाचा सांगाडा आहे आणि वर माणसाच्या रोटाची जनुकं. पण ती ६, १० आणि १४ आठवड्यांच्या बाळासाठी आहे. वासराला रोग होतो पाचव्या दिवशी, तेव्हा त्याला लस देऊन ताकद तयार व्हायला वेळच नसतो. म्हणून गाईंची लस गाभण गाईला शेवटच्या तीन महिन्यांत देतात, ती ताकद चिकात उतरते. मुलांचे थेंब वासराला देऊ नका, गरज असलेल्या बाळाच्या वाट्याचे असतात ते.

बाणगंगाकाठ
गाभण गाईला द्यायची लस आमच्या डॉक्टरांनी चौकशी करून बघितली, इथं मिळाली नाही. शिवाय तिन्ही गाईंचे दिवस भरत आलेत.

म्हसवडचा_रेडकूवाला
म्हशीच्या रेडकांना जंताचं औषध दिलं का कुणी? माझं मुऱ्हाचं रेडकू १५ दिवसांचं असताना मातकट, घाण वासाचं टाकत होतं. जंताचं औषध पाजलं आणि वीतभर लांब पांढरे जंत पडले. तुम्ही उगाच व्हायरस व्हायरस करताय.

गोठ्यातली_ताई
भाऊ, रेडकांचं वेगळं. त्यांना आईच्या दुधातून जंत येतात, दहा-पंधरा दिवसांत औषध द्यावंच लागतं. इथं पट्टीवर रोटा आलाय.

म्हसवडचा_रेडकूवाला
पट्टी चुकूही शकते. पुण्यातल्या औंधच्या रोग अन्वेषण विभागात शेण पाठवा, मग बोला.

सासुरवाडी_सोलापूर
गोठा फिनेलनं धुवा रोज. आमचा चकाचक असतो.

निवृत्त_पशुवैद्य
फिनेल ओतण्याआधी शेण खरवडून काढा. शेणावर ओतलेलं कुठलंही औषध शेणातच जिरतं. रोटा चिवट आहे, ओल्या शेणात महिनोन् महिने जिवंत राहतो. खरवडा, धुवा, वाळू द्या, मग चुना. आजारी कालवडीचं काम सगळ्यात शेवटी करा, आधी निरोगी वासरं. तिची बाटली, निपल, बादली वेगळी.

बाणगंगाकाठ
तिसरीचा आज बारावा दिवस. शेण काल संध्याकाळपासून घट्ट होत चाललंय. सकाळी गेलो तर उभी राहून पाठ ताणत होती. आजारी वासरू असं अंग ताणत नाही, हे मला आता कळतं.

पैशाचं ठरवलं. ताई फ्रीझर घ्या म्हणतात, पण आमच्याकडं लाईटचा भरवसा नाही, दोन दिवस गेली की ठेवलेला चीक खराब. रिफ्रॅक्टोमीटर नको, आकडा कमी आला तरी पाजायला दुसरा चीक कुठंय? कोठ्या परवडत नाहीत. गोठ्यातली फरशी फुटली आहे, कितीही खरवडली तरी फटींत राहतंच. मी जुना गोठा सोडतोय. विहिरीजवळच्या पडीक तुकड्यात, कडुनिंबाखाली, एक ट्रॉली मुरूम टाकून उंचवटा केला, वर कोरडं पाचट. तिन्ही गाई तिथंच वितील. तीन वासरं, तीन खुंट्या, मध्ये चार-चार हात अंतर. पैसे गेले ताडपत्री, मुरूम, तीन निपल, एक थर्मामीटर आणि ग्लुकोज यांत.

निवृत्त_पशुवैद्य
मला पटत नाही. या पावसात उघड्यावर गारठा लागेल आणि न्यूमोनिया होईल. निदान वाऱ्याच्या बाजूनं आडोसा करा.

कृष्णाकाठचा_दूधवाला
ताडपत्रीला पैसे घालवले. कोठी घेतली असती तर दहा वर्षं टिकली असती.

बाणगंगाकाठ
डॉक्टरसाहेब, पश्चिमेला गोणपाटाचा आडोसा केला आजच.

परवा रात्री पहिली गाय व्याली, २ वाजून १० मिनिटांनी. पौणेतीनला बाटली तोंडात दिली, वार लोंबत होती. वडील काही बोलले नाहीत, उठून कंदील घेऊन बाहेर गेले. वार सकाळी सहाला आपोआप पडली. वासराला पहिल्या वेळी दोन लिटर, सकाळी आणखी दीड. उरलेला चीक कळशीत घालून विहिरीच्या गार पाण्यात सोडलाय, ताईंनी सांगितल्याप्रमाणं दुधात घालतोय, दोन-तीन दिवस टिकला तरी खूप. बहिणीला सांगितलं, या वेळी खरवस नाही. ती रुसली आहे.

गोठ्यातली_ताई
रुसू दे. दुसऱ्या गाईचा चीक निघाला की त्यातला या वासराच्या दुधातही घाला, चालतो.

म्हसवडचा_रेडकूवाला
ताडपत्री किती बाय कितीची घेतली? मलाही घ्यायची आहे.

बाणगंगाकाठ
१८ बाय २४. २,२०० ला पडली. जाड घ्या, पातळ वाऱ्यानं फाटते.