मोठा पक्ष आणि जुळलेली मोट

अनेकांना वाटतं की निवडणुकीत कुणालाच बहुमत मिळालं नाही, तर सरकार बनवायला राज्यपालांनी सर्वांत मोठ्या पक्षालाच आधी बोलवायला हवं. संकेत तसा आहे, पण संविधानात तो नियम म्हणून कुठेही लिहिलेला नाही. २०१७ची गोवा विधानसभा निवडणूक आठवा. जागा ४०, काँग्रेस १७, भाजप १३. आणि तरी सरकार झालं भाजपचं!

निकाल ११ मार्चला लागला. दुसऱ्या दिवशी भाजपचे मनोहर पर्रीकर, तेव्हाचे केंद्रीय संरक्षणमंत्री, २१ आमदारांचा पाठिंबा घेऊन राजभवनावर हजर. काँग्रेस तोवर आपला नेता कोण यातच अडकलेली. नंतर ती सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा न्यायालयाने विचारलं ते एवढंच की तुमच्याकडे संख्याबळ होतं, तर ते राज्यपालांना का दाखवलं नाही? १६ मार्चला बहुमत चाचणी झाली, ती पर्रीकरांनी २२ विरुद्ध १६ अशी जिंकली.

किंमत मात्र भाजपने रोख मोजली. पर्रीकरांना दिल्लीतलं संरक्षण खातं सोडून पणजीला यावं लागलं, कारण मगोची (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाची) अटच होती की मुख्यमंत्री तेच हवेत. सोबत शपथ घेतलेल्या नऊ मंत्र्यांत भाजपचे फक्त दोन, बाकी मगो, गोवा फॉरवर्ड हा स्थानिक पक्ष आणि अपक्ष. (गोवा फॉरवर्डने मतं मागितली होती ती भाजपविरोधात, हे मतदारांना किती झोंबलं असेल!)

पुढे २०१९मध्ये पर्रीकरांचं निधन झालं, जुलैत काँग्रेसचे दहा आमदार भाजपमध्ये आले आणि गोवा फॉरवर्डच्या मंत्र्यांना डच्चू मिळाला. मगोच्या तीन आमदारांपैकी दोघे तर मार्चमध्येच फुटून भाजपमध्ये गेले होते.