मदत हवी आहे : सँड प्लॅन्टच्या टचस्क्रीनवर आकडे भलतेच येतात, मराठी अक्षरं तुटतात

नमस्कार मंडळी, मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत मेंटेनन्स बघतो. सँड प्लॅन्टचं (साच्यांसाठी वाळू तयार होते तिथलं) जुनं टायमर आणि सिलेक्टर स्विचवालं पॅनल काढून आम्ही डेल्टाचा डीव्हीपी पीएलसी (मशिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) बसवलाय, त्याला दुसऱ्या मेकचा सात इंची टच एचएमआय, म्हणजे ऑपरेटरची टचस्क्रीन, जोडलाय. प्रोग्रॅम केलेला माणूस काम अर्धवट टाकून गेला, लॅडर (पीएलसीचा प्रोग्रॅम) आमच्याकडं आहे, स्क्रीन आता मीच करतोय. वाळू वेळेत गेली नाही की मोल्डिंग थांबतं आणि मोल्डिंग थांबलं की फर्नेसवर धातू तसाच धरून ठेवायला लागतो, त्यामुळं घाई आहे.

जोडणी अशी : पीएलसीचा आरएस४८५ पोर्ट, दोघांची बोलायची भाषा मॉडबस आरटीयू, स्पीड ९६००, ८ बिट, पॅरिटी नाही, स्टॉप १, स्टेशन १. पॅनल खाली आणि स्क्रीन वर मिक्सरच्या प्लॅटफॉर्मवर, म्हणजे केबल ४० मीटर धरा.

पहिली अडचण मॉइश्चरची. पीएलसीच्या डी१०० या रजिस्टरमध्ये (आकडा साठवायच्या कप्प्यात) फ्लोट, म्हणजे दशांशवाली व्हॅल्यू आहे, लॅपटॉप लावून ऑनलाइन बघितलं तर ३.५ बरोबर दिसतं. एचएमआयमध्ये डी० चा ४०४०९७ धरून डी१०० ला ४०४१९७ अ‍ॅड्रेस दिला, तर स्क्रीनवर १६४८० येतंय. तो आकडा हलतो पण, १६४६० ते १६५१२ च्या मधेच फिरतो. स्केलिंग लावलं, दशांश सरकवून बघितला, काहीच जुळेना. मिक्सिंग टाइम डी२०० मध्ये आहे, स्क्रीनवरनं १८० टाकला की स्क्रीन १८० दाखवते पण मिक्सर थांबतो जुन्याच वेळेला.

दुसरं, रिटर्न सँडच्या (वापरून परत येणाऱ्या वाळूच्या) बेल्टचा व्हीएफडी (मोटरचा स्पीड बदलणारा ड्राइव्ह) चालू झाला की स्क्रीनवर कम्युनिकेशन एरर, बेल्ट बंद केला की आपोआप जातो.

तिसरं माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं. आमचे ऑपरेटर हातकणंगले, पेठवडगावकडनं येतात, वाळू मुठीत दाबून ओलावा सांगणारी माणसं आहेत, पण अलार्म इंग्रजीत आला की मला बोलवायला पोरगं पळतंय. म्हणून सगळी स्क्रीन मराठीत करायची आहे. कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेटरमध्ये मराठी झकास दिसतं, डाउनलोड केलं की ‘मिश्रण’ मधली वेलांटी म च्या पुढं जाते, ‘मिक्सर’ चा क पाय मोडून वेगळा उभा राहतो. फॉन्ट बदलून बघितले, तेच.

आणि एक. मालक म्हणतात इमर्जन्सीचं लाल बटण काढून स्क्रीनवर घ्या, पॅनल साफ दिसेल. मला ते पटत नाही, पण नीट कारण देता आलं पाहिजे. कुणी हे काम केलंय का?

गोकुळ शिरगाववाला

भावा, १६४८० बघितल्याबरोबर कळलं. ३.५ हा फ्लोट ३२ बिटांचा असतो, डीव्हीपीत खालचा अर्धा भाग डी१०० मध्ये आणि वरचा अर्धा डी१०१ मध्ये बसतो. ३.५ चा वरचा अर्धा भाग हेक्समध्ये ४०६०, म्हणजेच १६४८०. तसंच १६४६० म्हणजे ३.२ आणि १६५१२ म्हणजे ४.०, तुझी वाळू ह्याच रेंजमध्ये असणार बघ. म्हणजे तुझी स्क्रीन डी१०० वाचतच नाही, डी१०१ वाचतीय आणि तेही साधा १६ बिट नंबर समजून. दोन दुरुस्त्या आहेत. ४०४०९७ ही पद्धत एकपासून मोजते, केबलवरनं जाणारा अ‍ॅड्रेस शून्यापासून मोजला जातो, डी० म्हणजे ४०९६. काही एचएमआय तो एक स्वतः वजा करतात, काही करत नाहीत, तुझा करत नाही. त्यामुळं सगळे अ‍ॅड्रेस एकानं कमी कर, डी१०० ला ४०४१९६. मिक्सिंग टाइमचंही तेच, तुझे १८० डी२०१ मध्ये जाऊन पडतात आणि स्क्रीन परत तिथूनच वाचते म्हणून तिला बरोबर दिसतं. आणि डी२०१ प्रोग्रॅममध्ये दुसरीकडं कुठं वापरलाय का ते आधी बघ, नाहीतर भलतंच काहीतरी बदलून बसेल. दुसरी दुरुस्ती, मॉइश्चरचा डेटा टाइप ३२ बिट फ्लोट कर. तरी ०.०० आलं तर वर्ड स्वॅप (दोन अर्ध्या भागांचा क्रम) उलटा करून बघ. खात्री करायची तर न वापरलेल्या रजिस्टरमध्ये लॅपटॉपवरनं १२३४ टाक आणि तो स्क्रीनवर कुठल्या अ‍ॅड्रेसला येतो ते बघ.

पॅनल वायरमन

४० मीटरला आरएस४८५ ला काही होत नाही, १२०० मीटरपर्यंत चालतं ते. केबल व्हीएफडीच्या आउटपुट केबलसोबत एकाच ट्रेमध्ये टाकली असणार, बघून सांगा. ट्विस्टेड शिल्डेड केबल घ्या, उद्यमनगरात मिळून जाईल, पॉवर केबलपासून लांब न्या आणि जिथं ओलांडायलाच लागतं तिथं काटकोनात ओलांडा. शिल्ड एकाच टोकाला अर्थ करा, पॅनलच्या बाजूला. दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर. पाण्याचा सोलेनॉइड (विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह) २४ व्होल्ट डीसीचा असेल तर कॉइलला उलटा डायोड हवाच, आणि शक्य असेल तर एचएमआयला वेगळा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) द्या.

मराठीचं : सिम्युलेटर विंडोजची अक्षरं वापरतो म्हणून तिथं बरोबर दिसतं. पॅनलच्या आत जोडाक्षर जुळवणारी सोय नसली की प्रत्येक चिन्ह सुटं छापलं जातं, फॉन्ट कितीही बदला. बटणांची नावं आणि अलार्म कॉम्प्युटरवर लिहून चित्र म्हणून टाका, आम्ही तसंच करतो. अलार्मला पिक्चर इंडिकेटर घ्या, एकाच रजिस्टरचा आकडा बदलेल तसं चित्र बदलतं, १ ला ‘बेंटोनाइट (वाळू बांधणारी माती) कमी’, २ ला ‘पाणी येत नाही’ असं. मजकूर पूर्ण ठरल्याशिवाय चित्रं करू नका, एक शब्द बदलला तरी परत डाउनलोड आलं.

जुना फौंड्रीवाला

लाल बटण काढू देऊ नका, साहेबांना मी सांगितलं म्हणून सांगा. मिक्सर साफ करायला माणूस आत उतरतो. स्क्रीन हँग झाली, केबल तुटली, हाताला वाळूचा चिखल असला, तर टच काय कामाचा? इमर्जन्सी हार्डवायर्डच पाहिजे, दाबली की अडकून राहणारी, मिक्सर आणि बेल्टच्या कॉन्टॅक्टरची लाइन थेट तोडणारी, पीएलसीच्या प्रोग्रॅमवर अवलंबून नसलेली. पॅनलवर एक आणि वर प्लॅटफॉर्मवर एक. आणि माणूस आत जाणार असेल तर इमर्जन्सीसुद्धा पुरत नाही, आयसोलेटर (मेन वीज तोडणारा स्विच) बंद करून कुलूप लावायचं, किल्ली जो आत उतरलाय त्याच्याच खिशात. बेल्टला जॉगचं (दाबून धरेपर्यंतच चालवायचं) बटण स्क्रीनवर देणार असाल तर तेही सांभाळून, बोट दाबलेलं असताना केबल तुटली तर बिट ऑनच राहतो. एचएमआयवरनं दर सेकंदाला बदलणारा एक आकडा पीएलसीत पाठवा, तो बदलायचा थांबला की जॉग बंद.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. अ‍ॅड्रेस एकानं कमी केले, टाइप फ्लोट केला, मॉइश्चर ३.४ आलं, लॅपटॉपशी जुळतंय, वर्ड स्वॅपला हात लावायला लागला नाही. मिक्सिंग टाइमही पीएलसीनं घेतला. डी२०१ कुठं वापरलेला नाही, बघून घेतलं. केबल खरंच व्हीएफडीच्याच ट्रेमध्ये आहे, सुट्टीदिवशी नवीन ओढतो. जुन्या फौंड्रीवाल्यांचा प्रतिसाद मालकांना जसाच्या तसा वाचून दाखवला, लाल बटण राहणार आणि वर प्लॅटफॉर्मवरचं दुसरंही मंजूर झालंय.

चित्रांबद्दल अजून एक विचारतो. अलार्म पंचवीस-तीस होतील, सगळ्यांची चित्रं टाकली तर सात इंची पॅनलची मेमरी पुरते का, आणि अक्षरांची उंची किती ठेवली म्हणजे प्लॅटफॉर्मच्या खालून दिसेल?