बागेतल्या खेळण्यांच्या तपासणीची नोंदवही बघायला मिळते का?

नागपुरी_बाप

बाग कोणती आणि कार्यालय कोणतं हे मुद्दाम लिहीत नाही. प्रकरण सुरू आहे आणि तिथल्या माळीकाकांना उगाच त्रास नको.

दसऱ्यानंतरच्या रविवारी माझा सहा वर्षांचा पोरगा घसरगुंडीवरून खाली आला तो पोटरी धरूनच. पत्र्याचं खालचं टोक सुटून वर आलं होतं, पत्त्याच्या पानाएवढं. चार टाके. ते भरले, पोरगा परत पळून राहिला, त्याचं काही नाही. पण दुसऱ्या दिवशी जाऊन मी तो पत्रा नीट बघितला. रिव्हेट निघालेल्या दोन भोकांतून बांधणीची तार ओवली होती आणि त्या तारेलाही गंज चढला होता. म्हणजे हे आधी कोणाच्या तरी नजरेला पडलं होतं. त्यानं तार बांधली आणि तो गेला. त्यानं हे कुठे लिहून ठेवलं का, एवढंच मला बघायचं आहे.

माहिती अधिकारात अर्ज टाकला. मजकूर असा होता: ‘घसरगुंडी नादुरुस्त असताना मुलांना खेळू का दिले? जबाबदार कोण? दुरुस्ती केव्हा करणार?’ अठ्ठाविसाव्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं, की माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही. खाली सही-शिक्का. बायको म्हणाली, दहा रुपयांत एवढंच मिळते.

आता अपील करू की नवा अर्ज टाकू?

संत्रानगरी_वॉकर

आधी बाग कोणाची ते पक्कं करा. नागपुरात हा घोळ जुना आहे. काही बागा महापालिकेच्या, काही सुधार प्रन्यासनं (शहर विकासाची वेगळी संस्था) उभारलेल्या, महाराजबाग कृषी विद्यापीठाची, सेमिनरी हिल्सचं बालोद्यान वनविभागाचं. अर्ज भलतीकडे गेला तर कलम ६(३) प्रमाणे त्यांनीच तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. पाठवतातही, पण तुमचे दिवस जातात.

बजरंग_७२

राहू द्या ना भाऊ. कागद मागून पत्रा बसते का? आमच्या लेआउटमध्ये घरटी पन्नास रुपये वर्गणी काढली, वेल्डिंगवाल्याला आणलं, अर्ध्या तासात काम फत्ते.

कचेरीसमोरचा

बजरंगभाऊ, वेल्डिंग जरूर करा, पण आधी फोटो काढून ठेवा. वेल्डिंग झालं की पुरावाही गेला. उद्या त्याच दुरुस्तीचं बिल कोणी दुसऱ्यानं लावलं तर तुम्हाला कळणारही नाही.

नागपुरी_बाप, मी सिव्हिल लाइन्सला टेबल टाकून लोकांचे अर्ज टाइप करतो. माहिती अधिकार कायदा १२ ऑक्टोबर २००५ ला लागू झाला, त्याच्याही आधीपासून बसून राहिलो. तुमच्यासारखे अर्ज रोज बघतो. राग बरोबर असते, अर्ज चुकते. ‘का’ आणि ‘केव्हा’ विचारलं की समोरचा सुटला. माहिती म्हणजे जे कागदावर, फाइलीत, संगणकात आधीच आहे ते. नसलेली माहिती तयार करून देण्याचं बंधन नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात सांगून ठेवलं आहे. म्हणून कागदाचं नाव घेऊन मागा. मी असं टाइप केलं असतं:

‘अमुक बागेच्या देखभालीबाबत १ एप्रिलपासून आजपर्यंतच्या पुढील अभिलेखांच्या प्रती मिळाव्यात: खेळणी व ओपन जिमच्या तपासणीची नोंदवही, देखभालीचा करार व कार्यादेश, दुरुस्तीची देयके व मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, आलेल्या तक्रारी व त्यावरील कार्यवाही. नोंदवही ठेवली जात नसल्यास तसे लेखी कळवावे.’

मोजमाप पुस्तिका म्हणजे झालेलं काम मोजून लिहायची वही. अर्जातलं शेवटचं वाक्य गाळू नका. नोंदवही असली तर पानं मिळतील, नसली तर ‘नाही’ असं सहीनिशी मिळेल, आणि ते कधी कधी पानांपेक्षा जड पडते.

पोराचा किस्सा अर्जात लिहू नका. कलम ६(२) प्रमाणे कारण सांगावंच लागत नाही, आणि महाराष्ट्राच्या २०१२ च्या दुरुस्तीनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत हवा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख टाकून पोच घ्या. नुसता गोल शिक्का घेऊन खुशीत परतणारे मला रोज भेटतात.

पहिलं अपील ३० दिवसांत करता येते, वीस रुपयांच्या तिकिटावर, पण त्याच्या निकालाला महिना-दीड महिना धरा. तुमचा प्रश्नच कच्चा होता, तेव्हा नवा अर्ज बरा.

आणि अर्जाच्या आधी एक चक्कर मारा. सामान्य प्रशासन विभागाचा २६ नोव्हेंबर २०१८ चा आदेश आहे: जिल्हा स्तरावरच्या कार्यालयांत आणि महापालिकांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख बघू द्यायचे. सोमवारी सुट्टी असली तर पुढच्या कामाच्या दिवशी. प्रत खिशात घेऊन जा, खिडकीवरच्याला ते माहीत असेलच असं नाही.

नागपुरी_बाप

काका, सोमवारी गेलो होतो. आदेशाची प्रत तीन टेबलं फिरली. पावणेचारला नोंदवही समोर आली, लाल कापडी पाठीची.

तपासणी दर महिन्याला आहे. एका महिन्याला एक ओळ: ‘झोपाळे ४, सीसॉ २, घसरगुंडी १, सुस्थितीत.’ अकरा महिने हेच वाक्य, एकच अक्षर, एकच निळी शाई. आमच्या बागेत उन्हाळ्यापासून झोपाळे तीनच आहेत. चौथ्याची पाटी कधीच गेली, साखळ्या वरच्या दांड्याला गुंडाळून ठेवल्यात. आणि पोरगा पडला त्या महिन्याची नोंद? तो पडला रविवारी. नोंद मंगळवारची. घसरगुंडी सुस्थितीत.

मोबाइल काढला तर तिथल्या बाईंनी फोटोला नाही म्हटलं. आवाज चढवला नाही, बाई नव्या दिसत होत्या. पान क्रमांक लिहून घेतले, १७ ते १९, आणि तिथेच बाकावर बसून तुमच्या नमुन्यात अर्ज लिहिला. पोच आवक क्रमांकासह घेतली.

तारेचंही कळलं. ती माळीकाकांनी बांधली होती, घरून आणून. त्यांना विचारूनच हे लिहितो. त्यांनी वर फोन करून सांगितलं होतं म्हणे, दोनदा. नोंदवही भरणाऱ्या माणसाला त्यांनी बागेत कधी बघितलंच नाही.

बजरंग_७२

चौथ्या झोपाळ्याचं वाचून हसावं की रडावं कळेना. आमच्या बागेतले मोजून येतो.

नागपुरी_बाप

शुल्काचं पत्र आलं. पानाला दोन रुपये, तीन पानांचे सहा. आज भरून पावती घेतली. बाकीचे कागद ‘संकलित करून कळवू’ म्हणतात.

कचेरीसमोरचा

पान क्रमांक टाकले हे छान केलं, आता ‘सापडत नाही’ म्हणता येणार नाही. बाकीच्यांत आधी देयकांच्या मागे लागा. करारात झोपाळ्यांची देखभाल नगावर असेल तर बिल चारचं निघालं की तीनचं, ते मोजमाप पुस्तिकेत दिसेल. ती घेऊन टेबलावर या, पुढचा अर्ज मी टाइप करतो. चहा तुमचा.